एकशे चारांतले दहा

१९६२ ते २०१४ या काळात महाराष्ट्रात विधानसभेच्या बारा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. पहिल्या वेळी सभागृहात २६४ जागा होत्या. १९६७ आणि १९७२ ला त्या २७० झाल्या आणि १९७८ पासून पुढे कायमच्या २८८. या सगळ्यांची बेरीज होते ३,३९६. म्हणजे अर्धशतकाहून थोड्या जास्त काळात या राज्याने सार्वत्रिक निवडणुकांतून ३,३९६ वेळा कुणाला ना कुणाला आमदार केलं. त्यांतल्या शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला आलेल्या जागा मोजल्या तर त्या भरतात १०४. आणि या १०४ विजयांपैकी १० विजय एकाच माणसाचे, एकाच मतदारसंघातले आहेत. माणूस गणपतराव देशमुख, मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यातला सांगोला.

गणपतरावांचं नाव निघालं की लोक अकराचा आकडा सांगतात. अकरा वेळा आमदार. तो बरोबरच आहे, कारण या दहांत १९७४ ची पोटनिवडणूक मिळवायची असते. पण मला त्या अकरापेक्षा हे एकशे चारांतले दहा जास्त वजनदार वाटतात. एखादा माणूस अकरा वेळा निवडून येतो तेव्हा त्याच्यामागे बहुतेकदा सत्ता, कारखाना, बँक किंवा राज्यभर पसरलेला पक्ष असतो. इथे पक्ष वर्षागणिक आटत गेला, आणि हा एक माणूस त्याच्या एकूण विजयांचा जवळजवळ दहावा हिस्सा होऊन बसला.

पक्षाचा हा आलेख सलग वाचावा लागतो. १९६२ ला शेतकरी कामगार पक्षाच्या, म्हणजे शेकापच्या, जागा १५. १९६७ ला १९, हा या बारा निवडणुकांतला उच्चांक. मग १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९८० ला ९, १९८५ ला पुन्हा १३, १९९० ला ८, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३. शेवटच्या चार निवडणुका मिळून पक्षाने १४ जागा जिंकल्या आणि त्यांतल्या चार सांगोल्याच्या. २००४ ला तर सबंध महाराष्ट्रात शेकापच्या लाल बावट्याचे दोनच आमदार निवडून आले आणि त्यांतले एक आबासाहेब. सांगोल्यात त्यांना आबासाहेबच म्हणत, त्यामुळे पुढे मीही तसंच लिहितो.

जन्म १० ऑगस्ट १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणाने वकील. १९६२ ला पहिल्यांदा विधानसभेवर गेले तेव्हा वय पस्तीस होतं. २०१४ ला शेवटची निवडणूक जिंकली तेव्हा अठ्ठ्याऐंशी. १९६२ ला मतदानाचं वय एकवीस होतं, ते अठरावर आलं १९८९ साली. पहिल्या निवडणुकीत ज्याने एकविसाव्या वर्षी आबासाहेबांना मत दिलं, तो मतदार २०१४ ला त्र्याहत्तरीत होता. आणि २०१४ ला पहिल्यांदा मतदान करणारा अठरा वर्षांचा मुलगा जन्मला होता १९९६ मध्ये, म्हणजे आबासाहेब सभागृहाबाहेर होते त्या एकमेव मोठ्या खंडात. आजोबाने कागदी मतपत्रिकेवर शिक्का मारला, नातवाने यंत्रावरचं बटण दाबलं आणि दोघांनी मत दिलेला उमेदवार तोच होता, पक्षही तोच होता.

आमदारकीची वर्षं किती, याबद्दल ऐकीव आकडे बरेच फिरतात. चोपन्न म्हणतात, पंचावन्नही म्हणतात. कागदावर मांडून पाहिलं तर हिशेब असा येतो: १९६२ ते १९७२ ही दहा वर्षं, १९७४ च्या पोटनिवडणुकीपासून १९७८ पर्यंत साधारण चार, १९७८ ते १९९५ ही सतरा (मध्ये १९८० ला विधानसभा बरखास्त झाली तेव्हाचे काही महिने वजा) आणि १९९९ ते २०१९ ही वीस. बेरीज एक्कावन्नच्या आसपास जाते. चोपन्न-पंचावन्न ही संख्या मधले खंड पुरते वजा न केल्यामुळे आली असावी. एक्कावन्न काही कमी नाहीत, तेव्हा फुगवून सांगायची गरज नाही.

विधानसभांच्या क्रमांकांनी मोजलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. १९६२ ची महाराष्ट्राची दुसरी विधानसभा, २०१४ ची तेरावी. दुसरीपासून तेराव्यापर्यंतच्या बारा विधानसभांपैकी ज्या सभागृहात आबासाहेब एक दिवसही बसले नाहीत असं एकच आहे, नववं. चौथ्या विधानसभेत सुरुवातीला नव्हते, पण ती अर्धी सरायच्या आत पोटनिवडणुकीने आत आले.

या काळात त्यांनी सदस्य म्हणून पाहिलेले मुख्यमंत्री मोजू. यशवंतराव चव्हाण, कन्नमवार, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांपुरते बाळासाहेब सावंत, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा, शरद पवार, अंतुले, बाबासाहेब भोसले, निलंगेकर, सुधाकरराव नाईक, विलासराव, सुशीलकुमार शिंदे, अशोक चव्हाण, पृथ्वीराज चव्हाण आणि देवेंद्र फडणवीस. सोळा झाले. मनोहर जोशी आणि नारायण राणे यांचा काळ तेवढा निसटला, कारण तो नवव्या विधानसभेचा. यादीतले शेवटचे फडणवीस जन्मले १९७० साली. तेव्हा आबासाहेबांची दुसरी आमदारकी चालू होती. विधान भवनाची आजची नरिमन पॉइंटची इमारत सुरू झाली १९८१ मध्ये. म्हणजे त्याआधीच्या कुलाब्याकडच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये पाच वेळा निवडून येऊन बसलेला, नव्या इमारतीत आणखी सहा वेळा निवडून येणारा हा माणूस. १९८० चा विजय दोन्ही इमारतींच्या उंबऱ्यावरचा.

आणि प्रवास. एसटीने फिरणारे आमदार अशी त्यांची ख्याती होती. वर्षाला तीन अधिवेशनं धरली, दोन मुंबईत आणि हिवाळी नागपुरात, तर एक्कावन्न वर्षांत दीडशेवर अधिवेशनं होतात. सांगोला ते मुंबई चारशे किलोमीटरच्या आतबाहेर, सांगोला ते नागपूर सहाशेच्या पुढे. प्रत्येक अधिवेशनाला एकदाच जाऊन आले असं मानलं तरी अंतर एक लाख चाळीस हजार किलोमीटरच्या घरात जातं. विषुववृत्तावरून पृथ्वीला साडेतीन फेऱ्या मारण्याइतकं. समित्यांच्या बैठका, मंत्रालयातल्या खेपा आणि शनिवार-रविवारी मतदारसंघात परत येणं यात धरलेलंच नाही.

या एक्कावन्न वर्षांत सत्तेची किती? दोनदा ते मंत्री झाले. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारमध्ये, आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारमध्ये. पुलोदचं सरकार जुलै १९७८ ते फेब्रुवारी १९८० असं एकोणीस महिने टिकलं. दुसऱ्या वेळी २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढून घेतला. दोन्ही सरकारांतला पक्षाचा सगळा काळ धरला तरी फार तर साडेचार वर्षं होतात. उरलेली सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं समोरच्या बाकांवर. ज्या काळात सत्तेबाहेर राहिलेला आमदार दुसऱ्या निवडणुकीपर्यंत पक्ष बदलतो असं आपण डोळ्यांनी पाहिलं, त्या काळात हे घडलेलं आहे. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत आश्चर्य करण्याजोगा आकडा हाच आहे.

एकूण तेरा लढती, अकरा विजय, दोन पराभव. विजयांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पराभव बारकाईने पाहण्यासारखे आहेत.

पहिला १९७२ चा. बांगलादेश युद्धानंतरची ती निवडणूक. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप १९ वरून ७ वर आला. सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. तो पराभव लाटेतला होता, त्यात वैयक्तिक काही शोधू नये. साळुंखे-पाटलांच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली, ती आबासाहेबांनी जिंकली. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. माणदेशात ज्यांनी तो पाहिला ते अजूनही वयाचा हिशेब त्याच्या अलीकडे-पलीकडे करतात.

दुसरा १९९५ चा, आणि तो कुणालाही अस्वस्थ करील असा. राज्यात शिवसेना-भाजपची १३८ जागांची सरशी, काँग्रेस ८० वर, ४५ अपक्ष. सगळीकडे काँग्रेस पडत असताना सांगोल्यात मात्र काँग्रेसचे शहाजीबापू पाटील आले. फरक होता १९२ मतांचा. पुढे गुवाहाटीहून आलेल्या झाडी-डोंगार-हाटीलच्या फोनमुळे सबंध महाराष्ट्राला ठाऊक झाले, तेच शहाजीबापू.

१९२ मतं म्हणजे किती, हे समजायला तेव्हाची मोजणी डोळ्यांसमोर आणावी लागते. यंत्रं यायची होती. पेटीतून निघालेल्या मतपत्रिकांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधत, कुठल्या गावाने कुणाला मत दिलं ते कळू नये म्हणून ते गठ्ठे मोठ्या पिंपात एकत्र कालवत, आणि मग एकेका टेबलावर चाळीस गठ्ठे, म्हणजे हजार मतपत्रिका मोजायला देत. प्रत्येक मतपत्रिका उलगडायची, शिक्का कुठे पडलाय ते उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायचं. दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर शिक्का पडला असला की वाद. शाई घडीतून दुसऱ्या बाजूला उमटली असली की पुन्हा वाद. या पद्धतीत १९२ मतं म्हणजे आठ गठ्ठेसुद्धा भरत नाहीत. एका टेबलावरच्या एका फेरीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. बाद होणाऱ्या मतपत्रिकांची संख्या त्या काळी मतदारसंघामागे साधारणपणे याच्या कितीतरी पट असायची.

सत्त्याण्णव माणसांनी बापूंऐवजी आबासाहेबांना मत दिलं असतं, तर निकाल उलटला असता. तसं झालं असतं तर १९७४ पासून २०१९ पर्यंत सलग पंचेचाळीस वर्षं सांगोल्याचा आमदार बदलला नसता, आणि विजयांचा आकडा बारा झाला असता.

त्याच दोघांची २०१४ ची लढत याच्या शेजारी ठेवावी. शहाजीबापू तोवर शिवसेनेत गेले होते आणि राज्यात मोदी लाट होती. आबासाहेबांना ९४,३७४ मतं, बापूंना ६९,१५०. फरक २५,२२४. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या फरकाने हरले, त्याच्या एकशे एकतीस पट फरकाने अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी जिंकले.

कसं जमलं हे? सांगोल्यात धनगर समाजाची मतं मोठी आहेत आणि आबासाहेब त्या समाजाचे होते, हे उत्तर लगेच मिळतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. जातीची संख्या १९९५ लाही तीच होती. मला वाटतं उत्तराचा मोठा भाग पाण्यात आहे.

सांगोला पर्जन्यछायेतला तालुका. वर्षाला साडेचारशे-पाचशे मिलीमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. माण नदी वाहते म्हणण्यापेक्षा तिचं पात्र दिसतं. अशा तालुक्यात पाण्याची मागणी करणं सोपं, तिच्यामागे पन्नास वर्षं उभं राहणं कठीण. १९९३ मध्ये आटपाडीला दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद भरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब ही त्या चळवळीतली मोठी नावं. कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी पट्ट्यात आणावं आणि ते शेतकऱ्यांत समान वाटावं, ही मागणी. टेंभू उपसा सिंचन योजनेला मंजुरी मिळाली १९९६ मध्ये. आबासाहेब तेव्हा आमदार नव्हते. १९२ मतांनी घरी बसवलेल्या माणसाच्या चळवळीची मागणी, तो सभागृहाबाहेर असताना मान्य झाली.

टेंभूचा आवाका पाहा. कराडजवळ कृष्णेतून वर्षाला २२ टीएमसी पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवत सात तालुक्यांतल्या ऐंशी हजार हेक्टरांपर्यंत न्यायचं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये २,८३१ कोटी. बावीस टीएमसी म्हणजे बासष्ट हजार कोटी लिटरांच्या वर. हे सगळं पाणी त्या ऐंशी हजार हेक्टरांवर सारखं पसरलं तर पाऊण मीटरहून उंच थर उभा राहील. सांगोल्यात आभाळातून वर्षभरात जेवढं पडतं त्याच्या दीडपट. बाष्पीभवन, गळती, वीजबिलं आणि रखडलेली कामं यांत त्यातलं पुष्कळ जातं. तरीही निसर्गाने दिलेल्यापेक्षा जास्त पाणी माणसांनी मागून आणायचं ठरवलं, हे या आकड्यात दिसतं. मधल्या दशकांत सांगोल्याच्या शेतकऱ्याने थेंबथेंब पाण्यावर डाळिंब उभं केलं, ते बाजारात गाजलं आणि सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुसरी गोष्ट सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस जवळजवळ पिकत नाही तिथे आबासाहेबांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्या कशा बंद पडल्या हे वेगळं सांगायला नको. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात आबासाहेब गेले, तेव्हा अंत्यसंस्कार झाले ते या सूतगिरणीच्याच आवारात.

आमदार या पदाचं ओझंही या काळात बदललं. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख, आमदार २६४. एका आमदारामागे दीड लाख माणसं. २०११ ला ११ कोटी २४ लाख आणि २८८, म्हणजे एकामागे ३ लाख ९० हजार. आबासाहेबांनी ज्या पदावर पस्तिशीत पाय ठेवला, ते पद त्यांच्या ऐंशीनंतर अडीचपटीहून मोठं झालेलं होतं. दारात येणारी माणसं, पोटखराबा आणि पाणंद रस्त्याचे अर्ज, तहसीलमधली अडलेली कामं, सगळं त्याच प्रमाणात वाढलं असणार.

विश्वविक्रम हा शब्द त्यांच्या नावामागे बरेचदा लावला जातो. तो मला पटत नाही. केरळचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले, कधीच हरले नाहीत. करुणानिधीही तेरा वेळा निवडून आले, मतदारसंघ बदलत. ओमन चांडी पुदुपल्लीतून बारा वेळा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचे फ्रेड रिसर तर १९५७ ते २०२१ अशी चौसष्ट वर्षं त्या राज्याच्या विधिमंडळात होते. आबासाहेबांपेक्षा ते काही महिन्यांनी लहान. पण विस्कॉन्सिनची लोकसंख्या साठ लाखांच्या आत आणि तिथे सिनेटर तेहतीस. एका सिनेटरमागे पावणेदोन-एक लाख माणसं. सांगोल्याचा आमदार त्याच्या जवळपास दुप्पट माणसांचा होता. शिवाय मणी, करुणानिधी, चांडी हे राज्य चालवणाऱ्या पक्षांचे वा आघाड्यांचे नेते होते. करुणानिधी आणि चांडी मुख्यमंत्री झाले, मणींनी अर्थमंत्री म्हणून अनेक अर्थसंकल्प मांडले. एकेरी आकड्यात आलेल्या पक्षाकडून, विरोधी बाकांवरून हे करणारा माणूस त्या यादीत शोधावा लागतो. तेव्हा आकडा अकरा असला तरी त्याचं मोल तेरापेक्षा कमी धरायचं कारण नाही.

२०१९ ला वयामुळे त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापूंना ९९,४६४, अनिकेत यांना ९८,६९६. फरक ७६८. दोघांची मिळून एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांवर मतं, आणि ३८५ मतदारांनी निकाल फिरवला असता. त्या वेळी राज्यात शेकापचा एकच आमदार निवडून आला, नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचे श्यामसुंदर शिंदे. १९९५ नंतर पहिल्यांदा पक्षाच्या यादीत सांगोला नव्हतं.

२०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शहाजीबापूंसमोर उभे राहिले आणि पंचवीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले. याही वेळी शेकापचा राज्यात एकच आमदार आहे, आणि तो सांगोल्याचा. १९६२ पासूनच्या सांगोल्यातल्या पंधरा लढतींपैकी, १९७४ ची पोटनिवडणूक धरून, बारा लाल बावट्याने जिंकल्या आहेत. उरलेल्या तीनपैकी दोन १९२ आणि ७६८ मतांनी गेल्या. दोन्ही मिळून ९६०.